जंतूची पकड : एका नित्याच्या विकाराचा इतिहास

राज्यें कशीं उदयास आलीं व कशीं लयास गेलीं, हें लिहून ठेवणारे पुष्कळ झाले. परंतु ज्या लहानसहान व्याधींनीं घरोघरच्या माणसांस पिढ्यान्‌पिढ्या गांजलें, त्यांच्याविषयींचें ज्ञान मनुष्यास कसकसें होत गेलें, हें लिहिण्याकडे आपल्याकडे फारसें कोणाचें लक्ष गेलेलें नाहीं. प्लेग, पटकी, देवी ह्या रोगांस तरी त्यांची बखर मिळाली. ते एकाएकीं येत, गांवें ओस पाडीत, आणि सरकारास खडबडून जागें करीत. पण जो विकार सहसा कोणाचा प्राण घेत नाहीं, पुनःपुन्हां येतो व जातो, आणि ज्याचें नांव चारचौघांत घेण्यासही संकोच वाटतो, त्याचा इतिहास कोण लिहिणार ? मूत्रमार्गाचा जंतुजन्य दाह हा अशाच विकारांपैकीं एक होय. वैद्यकशास्त्राच्या अजमासाप्रमाणें जवळजवळ निम्म्या स्त्रियांस आयुष्यांत केव्हांना केव्हां तरी तो होतो. इतक्या नित्याच्या विकाराचें मूळ कारण कळण्यास जंतूचा शोध लागल्यावरही शंभर वर्षें लागावींत, ह्यांत कांहीं बोध आहे असें आम्हांस वाटतें. आणि तो वाचकांपुढें ठेवावा एवढाच प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

हा विकार आपल्या लोकांस नवा नाहीं. ‘उन्हाळी लागणें’ हा शब्दप्रयोग मराठी घरांत आजही ऐकूं येतो. लघवीस वारंवार जावें लागणें, थेंबथेंब होणें, जळजळ होणें, हीं सर्व लक्षणें ह्या दोन शब्दांत आलीं. आयुर्वेदांत ह्यास मूत्रकृच्छ्र म्हटलें असून चरकसंहितेंत त्याचे आठ प्रकार सांगितले आहेत. आणि हृदय व मस्तक ह्यांच्या जोडीला बस्ति, म्हणजे मूत्राशय, हें तिसरें महामर्म मानलें आहे. विकार लहान दिसला तरी अवयव लहान नव्हे, ही जाणीव त्या वर्गीकरणांत स्पष्ट आहे. घरगुती उपाय म्हणाल तर धन्या-जिऱ्याचें पाणी, सब्जाचें बीं, गोखरूचा काढा. ह्या सर्व उपायांच्या मुळाशीं शरीरांत उष्णता वाढली ही समजूत होती. कारणाची ही समजूत आतां टिकणारी नाहीं. परंतु त्यांतून निघालेली एक गोष्ट, म्हणजे भरपूर पाणी पिऊन मूत्राचा ओघ वाढवावा ही, पुढें सांगितल्याप्रमाणें अगदीं अलीकडच्या परीक्षेंतही खरी उतरली आहे. चुकीच्या उपपत्तीच्या पोटीं उपयुक्त आचार जन्मास येतो, ह्याचें हें एक उदाहरण.

आतां ज्या प्रश्नाभोंवतीं हा सारा इतिहास फिरतो तो प्रश्न नीट ध्यानांत यावा, म्हणून वाचकांनीं क्षणभर आमच्याबरोबर पालघरच्या किनाऱ्यावर यावें. हा जिल्हा ठाण्यांतून वेगळा निघून १ ऑगस्ट २०१४ रोजीं स्वतंत्र झाला. सातपाटीपासून तारापूर, चिंचणी, डहाणूपर्यंतचा हा किनारा भरती-ओहोटीच्या ओढीचा आहे. खाडीच्या मुखाशीं ओहोटी लागली म्हणजे जें सुटें आहे तें सारें वाहून जातें. गाळ जातो, पाला जातो, मेलेला मासाही जातो. मागें काय राहतें ? ज्यानें खडकाला घट्ट धरलें तें. कालवें राहतात, कारण तीं चिकटलेलीं असतात. समुद्राच्या पाण्यावर यंत्रें थंड करणारीं जीं मोठीं केंद्रें किनाऱ्यावर उभीं आहेत (तारापूरचें अणुविद्युत्‌केंद्र १९६९ पासून ह्याच किनाऱ्यावर आहे), त्यांच्या चालकांसही नळांच्या आंत चिकटून वाढणाऱ्या जीवांची धास्ती बाळगावी लागते. वाहत्या पाण्यांत राहावयाचें तर नुसतें जिवंत असून भागत नाहीं. धरून राहतां आलें पाहिजे, हा येथला नियम आहे.

मनुष्याचें मूत्राशय ही अशीच एक भरती-ओहोटीची जागा होय. तें हळूहळू भरतें आणि दिवसांतून अनेक वेळां वेगानें रिकामें होतें. जंतूची लांबी एका मिलिमीटरच्या पांचशेंव्या भागाइतकी. त्यानें ह्या ओघांत वाहून जावयास पाहिजे. मग तो राहतो कसा ? प्रश्न इतका साधा आहे कीं तो कोणीं लवकर विचारला नाहीं ह्याचेंच नवल वाटतें.

ज्या काळांत जंतूंचें अस्तित्वच सिद्ध करावयाचें होतें त्या काळीं हा प्रश्न सुचणें कठीणच होतें. पाश्चरनें १८६०च्या सुमारास आपल्या प्रसिद्ध बांकदार मानेच्या कुप्यांत जे द्रव भरले, त्यांत मूत्रही होतें. उकळलेलें मूत्र हवेंतील धूळ आंत न जाईल तोंवर निवळ राहतें, हें त्यानें दाखविलें. पुढें १८८५ सालीं म्युनिक येथें थिओडोर एशेरिख ह्या बालरोगवैद्यानें तान्ह्या मुलांच्या आंतड्यांत सांपडणाऱ्या एका कांडीसारख्या जंतूचें वर्णन केलें. त्यानें त्यास ‘बॅक्टीरियम कोलाय कम्यून’, म्हणजे मोठ्या आंतड्यांतील सामान्य जंतु, असें साधें नांव दिलें. आज त्यास शोधकाच्याच नांवानें एशेरिकिया कोलाय म्हणतात. १८९४ सालीं एशेरिखनेंच लहान मुलांच्या मूत्राशयदाहांत हाच जंतु सांपडतो असें प्रसिद्ध केलें. आंतड्यांतील निरुपद्रवी रहिवासी मूत्राशयांत शिरला म्हणजे उपद्रवी होतो, एवढें तेव्हांपासून ठाऊक झालें. आणि मूत्रमार्गाच्या साध्या दाहाच्या दर चार रुग्णांपैकीं तिघांत तरी कारण हाच जंतु असतो, हें आजही खरें आहे.

महाराष्ट्रांत जंतुशास्त्र आलें तें प्लेगाचा हात धरून. १८९६ सालीं मुंबईंत प्लेग उद्भवला, आणि ग्रँट मेडिकल कॉलेजांतील लहानशा जागेंत हाफकिननें लस तयार करण्यास आरंभ केला. १० जानेवारी १८९७ रोजीं ती त्यानें प्रथम स्वतःस टोंचून घेतली. आपल्या आजे-पणज्यांस जंतु म्हणजे काय हें प्रथम कळलें तें अशा रीतीनें. बाहेरून आलेला शत्रु आणि त्याच्याशीं झुंज, हें चित्र त्यांच्या मनावर ठसलें. प्लेगास तें चित्र लागूही पडत होतें. परंतु उन्हाळीच्या विकारांतील जंतु बाहेरून येत नाहीं. तो प्रत्येकाच्या आंतड्यांत जन्मभर असतो. तेथें शत्रूच्या आगमनाचा सिद्धांत अपुरा पडतो. पण ही उणीव जाणवण्यास बराच काळ लागला.

मधल्या काळांत उपपत्ति होती ती अशी. स्त्रियांचा मूत्रमार्ग अवघा चार सेंटिमीटर लांब, पुरुषांचा त्याच्या चौपट-पांचपट. म्हणून आंतड्यांतील जंतूस स्त्रियांच्या मूत्राशयापर्यंत पोंचणें सोपें. हें खरेंच आहे. परंतु ह्या अर्ध्या सत्यावर दुसरें एक अनुमान चढविण्यांत आलें: ज्या स्त्रीस हा विकार वरचेवर होतो ती स्वच्छता नीट पाळीत नसावी. शरीररचना सर्व स्त्रियांची सारखी, जंतु सर्वांच्या आंतड्यांत सारखा, तरी एकीस वर्षांत चार वेळां दाह व्हावा आणि तिच्याच घरांतील दुसरीस जन्मांत एकदांही होऊं नये, ह्याचें उत्तर त्या उपपत्तींत नव्हतें. उत्तर नसलें म्हणजे दोष देणें सोपें जातें. १९५६ सालीं अमेरिकेंतील एडवर्ड कास ह्यांनीं मूत्राच्या एका मिलिलिटरांत एक लाख जंतु असल्यास तो खरा संसर्ग समजावा असें मान बसवून दिलें. निदानास शिस्त आली हा मोठाच लाभ झाला. पण प्रश्न मोजणीचा झाला, पकडीचा झाला नाहीं.

पकडीचा धागा प्रथम हातीं लागला तो भलत्याच ठिकाणीं, म्हणजे रक्ताच्या थेंबांत. १९०८ सालीं ग्युयो नांवाच्या संशोधकानें पाहिलें कीं कोलाय जंतूंच्या कांहीं जाति रक्तांत मिसळल्या असतां तांबड्या पेशी एकमेकींस चिकटून त्यांच्या गुठळ्या होतात. ही एक चमत्कारिक गोष्ट म्हणून नोंदली गेली आणि जवळजवळ चाळीस वर्षें तशीच पडून राहिली. पुढें इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक आला. त्याच्याखालीं १९५०च्या आसपास जंतूच्या अंगावर अतिशय बारीक तंतु दिसूं लागले. जंतूचें पोहण्याचें शेपूट पूर्वींपासून माहीत होतें. हे तंतु त्याहून निराळे, आंखूड, ताठ आणि शेंकड्यांनीं होते. १९५५ सालीं स्कॉटलंडमध्यें ड्यूगिड व त्यांचे सहकारी ह्यांनीं दाखविलें कीं ज्या जंतूंच्या अंगावर हे तंतु असतात तेच रक्ताच्या गुठळ्या करतात. त्यांनीं ह्या तंतूंस ‘फिंब्रिया’, म्हणजे झालर, असें नांव दिलें. दुसऱ्यांनीं ‘पिलाय’, म्हणजे केंस, म्हटलें. त्याच वर्षीं कोलिएर व द मिरांडा ह्या दोघांनीं दुसरी गोष्ट उघड केली. त्या मिश्रणांत मॅनोज नांवाची एक साधी साखर घातली कीं गुठळ्या होत नाहींत. म्हणजे जंतु पेशीवरील साखरेस धरीत असला पाहिजे, आणि सुटी साखर दिली कीं त्याची मूठ आधींच भरून जात असली पाहिजे. दोन्हीं शोध एका वर्षांतले. पण मूत्राशयाचा विचार अजून कोणाच्या मनांत आलेला नव्हता.

पेशीच्या पृष्ठभागावर साखर असते आणि ती माणसामाणसांत निराळी असते, हें ज्ञान ज्या शास्त्रानें पुरविलें तें रक्तगटांचें शास्त्र. आणि ह्या अध्यायांत मुंबईचें नांव सन्मानानें घ्यावें लागतें. १९५२ सालीं मुंबईंत डॉ. वाय. एम. भेंडे, सी. के. देशपांडे व एच. एम. भाटिया ह्यांस तीन व्यक्ति अशा आढळल्या कीं ज्यांचें रक्त ‘ओ’ गटाचें भासे, परंतु ‘ओ’ गटाचें रक्तही त्यांस चालत नसे. हीं रक्तें लंडनच्या लिस्टर संस्थेंतील तज्ज्ञांकडे गेलीं. रेस, सँगर, मॉर्गन व वॉटकिन्स ह्यांच्या सहकार्यानें तो शोध त्याच वर्षीं ‘लॅन्सेट’ पत्रांत प्रसिद्ध झाला, आणि तो गट जगभर ‘बाँबे’ ह्या नांवानेंच ओळखला जाऊं लागला. ‘ए’ व ‘बी’ ह्या गटांच्या साखरा ज्या पायावर चढविल्या जातात तो ‘एच्’ नांवाचा पायाच ह्या लोकांच्या पेशींवर नसतो. १९५७ सालीं मुंबईंत रक्तगटांचें संदर्भकेंद्र निघालें. आजची राष्ट्रीय प्रतिरक्षा-रक्तविज्ञान संस्था ती हीच.

येथें एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. मुंबईच्या रक्तगटाचा आणि कोलाय जंतूच्या पकडीचा सरळ कार्यकारणसंबंध आहे असें आमचें म्हणणें नाहीं. संबंध आहे तो विचारपद्धतीचा. एखाद्या पेशीवर अमुक साखर नसणें हें निसर्गानेंच केलेलें प्रयोगाचें साहित्य होय. ज्यांच्यांत ती नाहीं अशीं दुर्मिळ माणसें शोधून काढलीं कीं तिचें काम काय तें कळतें. मुंबईच्या तीन व्यक्तींनीं जें ‘एच्’विषयीं शिकविलें, तेंच पुढें स्वीडनमधील कांहीं व्यक्तींनीं जंतूविषयीं शिकविलें.

तो प्रकार असा. १९७६ सालीं गोथेनबर्ग येथील कॅथरीना स्वानबोर्ग व त्यांचे सहकारी ह्यांनीं मूत्रमार्गांतून गळून पडलेल्या पेशी घेतल्या आणि निरनिराळ्या रुग्णांतील कोलाय जंतु त्यांवर सोडले. आजारी करणारे जंतु पेशींस भराभर चिकटले. ज्यांनीं कांहीं लक्षणें उत्पन्न केलीं नव्हतीं ते फारसे चिकटले नाहींत. सर्व कोलाय सारखे नव्हेत, आणि त्यांच्यांतील भेद चिकटण्याच्या शक्तींत आहे, हें प्रथमच मूत्रमार्गाच्या संबंधांत सिद्ध झालें. लगेच १९७७ सालीं इस्रायलमधील ओफेक, मिरेलमन व शारोन ह्यांनीं मनुष्याच्या अंतस्त्वचेवरील पेशींसही जंतु मॅनोजच्या द्वाराच धरतो असें दाखवून १९५५चा तुटलेला धागा पुन्हां जोडला. आणि १९८०च्या सुमारास गोथेनबर्ग व स्टॉकहोम येथील दोन मंडळ्यांनीं असें पाहिलें कीं मूत्रपिंडापर्यंत चढून ताप आणणारे जे कोलाय, ते ‘पी’ नांवाच्या रक्तगटाच्या साखरेस धरतात. हा गट लँडस्टायनर व लेव्हिन ह्यांनीं १९२७ सालींच शोधला होता. ज्या फार थोड्या लोकांच्या पेशींवर ती साखर मुळींच नसते (उत्तर स्वीडनमध्यें अशीं घराणीं आहेत), त्यांच्या पेशींस हे जंतु शिवतही नाहींत. एकीस विकार होतो व दुसरीस होत नाहीं, ह्याचें एक कारण अशा रीतीनें उघडें पडलें. दोष हाताच्या अस्वच्छतेंत नसून जंतूच्या आणि पेशीच्या जडणघडणींत असूं शकतो, हें शास्त्रानें जाहीर केलें. आमच्या मतें ह्या इतिहासांतील हा सर्वांत मोलाचा क्षण होय.

त्यानंतरच्या चाळीस वर्षांत ही पकड कशी घडते तें इतकें बारकाईनें कळलें आहे कीं वाचून थक्क व्हावें. मूत्राशयास धरणारी जी झालर, तिचा एकेक तंतु मिलिमीटरच्या हजाराव्या भागाएवढा किंवा त्याच्या दुप्पट लांब असतो. एकाच जातीचे हजाराहून अधिक प्रथिनकण मळसूत्रासारखे गुंफून तो तयार होतो, आणि त्याच्या टोंकाशीं ‘फिम-एच्’ नांवाचें एकच निराळें प्रथिन बसविलेलें असतें. सारी पकड ह्या टोंकाच्या प्रथिनाची. त्याला एक खोलगट खळगा असतो, आणि मॅनोजचा कण त्यांत किल्ली कुलुपांत बसावी तसा बसतो. मूत्राशयाच्या आंतल्या अंगास छत्रीसारख्या मोठ्या पेशींचा थर असून त्यांवर ‘यूरोप्लाकिन’ नांवाच्या प्रथिनांची फरसबंदी असते. ह्या फरशांपैकीं एकीवर मॅनोज लागलेली असते, आणि तीच जंतूच्या हातीं सांपडते. आणखी एक चातुर्य पाहा. झालर निर्माण करावी कीं नाहीं हें जंतूच्या गुणसूत्राचा एक लहानसा तुकडा ठरवितो. तो एका दिशेनें असला तर झालर येते, उलटा फिरला तर येत नाहीं. हा उलटणारा तुकडा १९८५ सालीं उघडकीस आला. म्हणजे जंतूंच्या एकाच कुळांत कांहीं झालरवाले व कांहीं बिनझालरीचे असे सदैव तयार असतात; परिस्थिति जशी पडेल तसे ते उपयोगी पडतात.

परंतु आरंभीं जो प्रश्न आम्हीं विचारला, कीं ओघांत जंतु टिकतो कसा, त्याचें खरें उत्तर २००२ सालीं अमेरिकेंत सिअ‍ॅटल येथें मिळालें. थॉमस, व्होगेल, सोकुरेंको आदि शास्त्रज्ञांनीं जंतूंवरून पाण्याचा प्रवाह सोडून पाहिला. साधारण अपेक्षा अशी कीं प्रवाह वाढला कीं पकड सुटावी. झालें उलटेंच. संथ पाण्यांत जे जंतु सैलपणें सरकत होते ते प्रवाह वाढतांच घट्ट बसले, आणि प्रवाह मंद होतांच पुन्हां सैल पडले. फिम-एच् प्रथिन ताणलें गेलें म्हणजे त्याची घडी बदलते व खळगा साखरेवर आवळला जातो. सातपाटी-डहाणूच्या कोळी-मांगेल्यांचें डोल जाळें ज्यांनीं पाहिलें असेल त्यांस ही गोष्ट चटकन उमगेल. डोल खुंटांना बांधून पाण्यांत सोडलेलें असतें. पाणी स्थिर असतां तें लोंबत राहतें, आणि भरती-ओहोटीची ओढ लागली कीं ताणून उघडतें व काम करूं लागतें. जी ओढ दुसऱ्यांस वाहून नेते तीच त्याची शक्ति होय. जंतूचा तंतुही तसाच आहे. शिवाय जोराचा हिसका बसला कीं त्याचें मळसूत्र उलगडून तो लांबतो, तुटत नाहीं. मूत्राचा ओघ ही शरीराची तटबंदी. त्या तटबंदीचाच आधार घेऊन जंतु आपला मोर्चा बांधतो.

पकडीवरच हें प्रकरण संपत नाहीं. १९९८ सालीं सेंट लुई येथील हल्टग्रेन व त्यांचे सहकारी ह्यांनीं दाखविलें कीं चिकटलेला जंतु उंदराच्या मूत्राशयांतील पेशींच्या आंत शिरतो. २००३ सालीं त्यांनीं अशा पेशींत जंतूंची दाट वसाहत झालेली पाहिली, आणि २००७ सालीं आजारी स्त्रियांच्या मूत्रांतही तशाच वसाहतींच्या खुणा सांपडल्या. औषध घेऊन बरें वाटावें आणि कांहीं दिवसांनीं तोच विकार परत यावा, ह्याचें एक कारण ह्यावरून समजतें. पण शरीरही हातपाय गाळून बसत नाहीं. जंतु लागलेल्या पेशी तें झडून टाकतें. शिवाय १९५० सालीं टॅम व हॉर्सफॉल ह्यांनीं मूत्रांतून जें प्रथिन वेगळें केलें होतें, त्याचें एक काम पुढें उमगलें. त्या प्रथिनाच्या लांब धाग्यांवर मॅनोज टांगलेली असते. जंतु तीच पेशी समजून धरतो, धाग्यांत गुरफटतो आणि लघवीबरोबर बाहेर पडतो. २०२० सालीं झुरिकच्या शास्त्रज्ञांनीं ह्या धाग्यांनीं वेढलेल्या जंतूंचीं प्रत्यक्ष चित्रेंच प्रसिद्ध केलीं. आमिष दाखवून शत्रूस फसविण्याची ही युक्ति मनुष्यास सुचण्यापूर्वीं मनुष्याच्या मूत्रपिंडास सुचली होती.

आतां औषधांकडे वळूं. सल्फा औषधें १९३५ पासून आलीं, मागोमाग पेनिसिलिनचें युग आलें. पुण्याजवळ पिंपरी येथें हिंदुस्थान अँटिबायोटिक्सचा कारखाना १९५४ सालीं स्थापन झाला. पुढें बोईसर-तारापूरची औद्योगिक वसाहत वाढली, आणि तेथील रासायनिक कारखान्यांत औषधांचीं मूळ द्रव्यें होऊं लागलीं. ह्या सर्व औषधांचें तत्त्व एकच: जंतु मारणें. तें तत्त्व फार फलदायी झालें. असंख्य मूत्रपिंडें त्यामुळें वांचलीं. परंतु जें मारतें त्यास न जुमानणारे जंतु मागें उरतात व तेच वाढतात. आपल्या देशांत मूत्रमार्गांतील कोलाय जंतु आज पुष्कळ नेहमींच्या औषधांस दाद देत नाहींत, हें भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेचे अहवाल वर्षामागून वर्षें सांगत आहेत. अशा वेळीं जंतूस न मारतां नुसता सोडवून द्यावा, म्हणजे ओघच त्यास नेईल, ही कल्पना आकर्षक वाटते. ती अजून साधलेली नाहीं. मॅनोजचीच पूड रोज खाण्यास देऊन इंग्लंड-वेल्समधील सुमारें ६०० स्त्रियांवर मोठी परीक्षा झाली. तिचा निकाल २०२४ सालीं प्रसिद्ध झाला, आणि त्या साखरेनें विकाराचें परतणें कमी झालें नाहीं असेंच ठरलें. मॅनोजपेक्षां अनेकपट घट्ट बसतील अशीं कृत्रिम द्रव्यें शोधण्याचें काम चालू आहे. यंत्र समजलें म्हणून तें लगेच बंद पाडतां येतें असें नाहीं, हा विवेक येथें बाळगला पाहिजे.

उलट साध्या पाण्याच्या उपायास मात्र पुरावा मिळाला आहे. ज्या स्त्रिया एरवीं पाणी कमी पीत व ज्यांस हा विकार वरचेवर होई, अशा १४० जणींपैकीं निम्म्या जणींस एक वर्षभर रोज दीड लिटर पाणी अधिक पिण्यास सांगण्यांत आलें. २०१८ सालीं प्रसिद्ध झालेला त्याचा निकाल असा: अधिक पाणी पिणाऱ्यांस वर्षांत सरासरी १.७ वेळां दाह झाला, इतरांस ३.२ वेळां. जंतु ओघांत घट्ट धरतो हें खरें असलें तरी जे अजून चिकटले नाहींत, जे आमिषास लागले आहेत, आणि ज्या पेशी झडल्या आहेत, त्या साऱ्यांस बाहेर काढणारा ओघच होय. धन्या-जिऱ्याचें पाणी करून देणाऱ्या आजीबाईचें कारण चुकलें होतें, पण पेला चुकला नव्हता.

परंतु पाणी प्या असें सांगणें सोपें. तें पिण्याजोगी परिस्थिति असणें निराळें. ज्या किनाऱ्यावरून आम्हीं आरंभ केला त्याच जिल्ह्याकडे पाहा. जव्हार-मोखाड्यास पावसाळ्यांत धो-धो पाऊस पडतो, आणि उन्हाळ्यांत त्याच पाड्यांवरील बायका हंड्याभर पाण्यासाठीं लांब चालत जातात. २०१३ सालीं मुंबईची उपनगरी गाडी डहाणूपर्यंत आली. बोईसर व पालघर येथून रोज कामास जाणाऱ्या स्त्रियांची त्यामुळें सोय झाली; परंतु त्या गाडींत शौचालय नाहीं, आणि चर्चगेटपर्यंतचा प्रवास दोन तासांहून अधिक. मग घरून निघतांना पाणीच न पिणें हा तोडगा पुष्कळजणी काढतात. मुंबईंत पुरुषांस फुकट असलेल्या मुताऱ्या स्त्रियांस पैसे दिल्याशिवाय मिळत नाहींत, ह्याविरुद्ध स्त्रियांच्या संस्थांनीं २०११ सालीं चळवळ उभारली, तेव्हां कित्येकांनीं तिच्या नांवास हंसून नाक मुरडलें. शास्त्र मात्र त्या मागणीच्या बाजूनें उभें आहे. जंतूचा तंतु, पेशीवरील साखर आणि रक्ताचा गट ह्यांपैकीं कांहींच मनुष्याच्या हातीं नाहीं. ओघ राखणें एवढें एकच हातीं आहे, आणि तें एकट्या स्त्रीच्या हातीं नसून नगराच्या, रेल्वेच्या व पाणीपुरवठ्याच्या हातीं आहे.

ह्या इतिहासाचा निष्कर्ष आम्ही असा काढतों. जंतु असणें निराळें आणि जंतूनें धरणें निराळें. हा भेद कळण्यास रक्ताच्या गुठळ्या, सूक्ष्मदर्शकांतील झालर, मुंबईचीं तीन विलक्षण रक्तें, स्वीडनमधील घराणीं आणि प्रवाहाचें एक नवलाचें यंत्र, इतक्या दूरदूरच्या गोष्टी एकत्र याव्या लागल्या. तो कळल्यावर पहिली गोष्ट गळून पडावयास हवी ती लाज. ज्या विकारांत रुग्णाचा अपराध नाहीं तो लपवून ठेवण्याचें कारण नाहीं; विशेषतः ताप भरला, कमरेच्या वर पाठींत दुखूं लागलें, किंवा स्त्री गरोदर असली, तर जंतु मूत्रपिंडाकडे चढण्याची भीति असते, आणि तेव्हां संकोचानें दवडलेला एकेक दिवस महाग पडतो. घरांतील सुनेनें, मुलीनें किंवा आईनें ‘उन्हाळी लागली’ असें म्हटलें, तर तें ऐकून दुर्लक्ष न करतां तिला वेळेवर वैद्याकडे नेणें, आणि तिला प्रवासांत व कामाच्या ठिकाणीं पाणी व आडोसा मिळतो कीं नाहीं हें पाहणें, एवढें तरी ह्या शंभर वर्षांच्या शोधांपासून आपण शिकलें पाहिजे.